एक्केचाळीस वेळा एक जून

नाना, तुम्ही येडशीला कशाला गेला होता हो?

तेरा दिवस मी जो भेटेल त्याला हेच विचारत होते. येडशीत तुमचं नातं ना गोतं. रामलिंगाच्या दर्शनाला जायचं असतं तर काकूंना सोडून गेला नसता. सकाळच्या मोटारीनं तुळजापुरातून निघालेला माणूस, काखेत छत्री, खिशात शेंगदाण्याची पुरचुंडी, आणि दुपारी येडशीच्या फलाटावरच्या बाकावर मान टाकून बसलेला सापडतो. म्हातारा झोपलाय असं वाटून समोरून एक गाडी आली आणि निघूनही गेली म्हणे. एकालाही हलवून बघावंसं वाटलं नाही? निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते. सतराचा पाढा. मी तो पुरा करून घेतला, नाना. मुलांना घरी सोडलं, फळा पुसला, खडू डब्यात ठेवले आणि मग मला कळलं की मी काय ऐकलंय.

अजून पुरतं कळलेलं नाही. दुपारचे तीन वाजले की मी दुसरी खुर्ची ओढून ठेवते.

पण येडशीचं कोडं सुटलं. तुमच्या तेराव्याला सुटलं. तुम्ही माझी चूक निस्तरायला गेला होता. त्याच चुकीनं तुमची दोन वर्षांची नोकरी खाल्ली होती, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं, मला नव्हतं. आणि तेराव्यानंतर बरोबर तीन दिवसांनी, म्हणजे आज, कचेरीतले साहेब शाळेत येणार होते. तुम्ही वाचलेल्या आणि मी लिहिलेल्या रजिस्टरावर शिक्का मारायला. एकदा शिक्का बसला की ती चूक खरी ठरणार होती, आणि तीही तुमच्या सहीखाली. त्याच्या आत मला तोंड उघडायचं होतं. उघडलं असतं तर माझी नोकरी धोक्यात. न उघडलं असतं तर तुमचं नाव.

बघा, तुम्हाला पत्र लिहितेय आणि सुरुवात धड करत नाही. तुम्ही म्हणायचा, "बाई, घाई नको, पहिल्या खान्यापासून."

तर पहिल्या खान्यापासून.

मराठी राज्य आलं आणि कचेरीत पुण्या-साताऱ्याकडचे साहेब आले. त्यांना उर्दू वाचता येईना. आपल्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे कोणतं पोर कधी शाळेत आलं आणि कधी गेलं त्याची नोंद, सगळं निजामाच्या वेळचं, उर्दूत. हुकूम आला, मराठीत नक्कल करा. तुम्ही शाळेचे जुने मुनशी, वाचणारे तुम्ही एकटेच. लिहिणारं कोण? सगळ्यात नवी कोण आहे, ती सुमनबाई. अक्षर बरं आहे आणि नाही म्हणायची सोय नाही, कारण नोकरी कच्ची. मला इतका राग आला होता! चाळीस पोरं दिवसभर हाकायची आणि वर दुपारी तीन ते पाच एका म्हाताऱ्यासमोर बसून मेलेल्या माणसांची नावं उतरवायची. घरी मी आणि आई दोघीच, म्हणून गप बसले.

पहिल्या दिवशी तुम्ही रजिस्टर उघडलंत तेच मागच्या बाजूनं. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. तुम्ही हसलात. उर्दू उजवीकडून चालते, तेव्हा पहिला रकाना उजव्या टोकाला. तुम्ही त्याला खाना म्हणायचा. नंबर, नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा, गाव, जन्मतारीख, दाखल तारीख, खारीज तारीख, शेरा. ओळीखाली तुमची पितळी पट्टी. एक खाना वाचला की टेबलावर नखानं ठक, मग पुढचा. आणि खाना रिकामा आला की तुम्ही तोही वाचायचा. "खाली." ठक. म्हणजे कोरा, काही लिहिलेलं नाही. तिथं मी आडवी रेघ मारायची.

एका ओळीत कधी चार-चार खाली. खाली, ठक, खाली, ठक. माझं डोकं उठायचं. "नाना, जिथं काही नाही ते वाचता कशाला? पुढं!"

"नाही कसं? खाली आहे की," तुम्ही म्हणायचा. "मालूम नाही हेही दर्ज करावं लागतं बाई."

"पुढं, नाना, पुढं!"

माझ्या त्या 'पुढं'ला तुम्ही वैतागायचा नाही. एकदा मात्र मी तुम्हाला न सांगता एक रेघ गाळली. आळसच, दुसरं काय. गावाचा खाना कोरा होता, तो सोडला आणि त्यापुढचं सगळं एकेक घर अलीकडं सरकलं. संध्याकाळी रुजुवातीला, म्हणजे मूळ आणि नक्कल ओळीला ओळ लावून बघायला बसलो, तर दाखल तारीख जन्माच्या घरात आणि खारीज तारीख दाखल्याच्या घरात. सगळ्या ओळीचा नुसता गोंधळ. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "व्वा बाई! हा जन्मला त्याच दिवशी पहिलीत दाखल झाला. आणि गावाच्या घरात काय लिहिलंय? निजामी तारीख, अठरा खुरदाद. आता हे गाव कोणत्या तालुक्यात येतं?" तुम्ही खोकला येईपर्यंत हसला. मीही हसले. मग तुम्ही पान फाडायला लावलंत आणि मला ते सगळं परत लिहायला लावलंत. पान फाडताना मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते आता सांगत नाही.

त्यानंतर मी एकही खाली गाळला नाही. हे खरं आहे, नाना. मी गाळला नाही. मी त्याहून वाईट केलं.

तुम्हाला आठवतं, तामलवाडीची एक बाई पोराचा दाखला मागायला आली होती? मोठं पोर, मिसरूड फुटलेलं, भरतीला जायचं होतं. मी नक्कल काढली तर जन्मतारखेच्या घरात आडवी रेघ. हेडमास्तर म्हणाले, जन्मतारीख नाही तर दाखला नाही. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. "बाई, ह्यो माझ्याच पोटचा हाय. म्या सांगते न्हवं जन्मला म्हनून. एक कागुद द्या की." मी तुमच्याकडं आले. भांडले. म्हटलं, सगळ्या मुलखात मास्तर लोक काय करतात? ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला एक जून लावतात. शाळा जूनमध्ये भरते, पोर सहा वर्षांचं असतं, झालं. गावोगाव एक जूनला जन्मलेली पोरं आहेत, कुणाचं काय बिघडलं?

तुम्ही म्हणालात, "मूळ खान्यात खाली आहे."

"अहो, पण भरून टाकायला तुमचं काय जातं?"

"माझं काय जात नाही. त्याचं जातं. त्याची एक तारीख आहे, आपल्याला मालूम नाही इतकंच. तिथं आपली तारीख बसवली की मग त्याची कुणी शोधायला जात नाही. खाली दिसलं तर कुणीतरी विचारील तरी."

"कोण विचारतंय, नाना? कोण?"

तुम्ही पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवलीत.

तो वाद आपला तिथंच राहिला. मी तो माझ्या पद्धतीनं संपवला. शनिवारी तुम्ही लवकर घरी जायचा. पानाखाली "वाचले, बरोबर" म्हणून तुमची उर्दूतली सही झालेली असायची. मी मागं थांबून जन्मतारखेच्या घरातल्या रेघा हुडकायची. दाखल्याच्या सालातून सहा वजा, आणि रेघेवर ठसठशीत, एक जून. मला त्यात पाप वाटलं नाही. उलट पुण्य वाटलं. तामलवाडीच्या बाईला दाखला मिळाला तेव्हा तिनं माझ्या टेबलावर चार कणसं आणून ठेवली. ती मी तुम्हाला भाजून दिली होती. तुम्ही विचारलंत कुठली, आणि मी म्हटलं, बाजारातली.

असे एक्केचाळीस. मी मोजले नव्हते. तुम्ही मोजलेत.

त्या एक्केचाळिसांत एक होता केशव वल्द गोविंद, म्हणजे गोविंदाचा केशव, मौजे तुळजापूर. असे केशव त्या रजिस्टरात पाच तरी होते. तुम्ही ती ओळ वाचलीत तेव्हा तुमचा आवाज हलला नाही, ठक चुकली नाही. "जन्मतारीख, खाली." ठक. तुम्ही याच शाळेत शिकलात हे मला ठाऊक होतं. तुमचं नाव केशवराव हेही ठाऊक होतं. पण मला तुम्ही नाना. आणि शनिवारी माझा नुसता हात चालायचा. मी तुम्हालाही एक जून लावला, नाना. तुमच्या डोळ्यांदेखत नाही, तुम्ही घरी जाऊन चहा घेत असाल तेव्हा.

आणि मला ठाऊक असायला हवं होतं! तुम्हीच तर ती गोष्ट सांगितली होती, दोनदा. थोरल्या भावाच्या मागं रडत शाळेत गेला होता तुम्ही, चार वर्षांचे. मास्तरांनी हाकलायच्या ऐवजी मांडीवर घेतलं आणि नाव घालून टाकलं. "बापाला विचारायला कोण जाणार, म्हणून तारखेचा खाना राहिला तो राहिलाच," असं हसत सांगितलं होतंत. चार वर्षांचे, आणि मी वजा केले सहा. दोन वर्षांनी मी तुम्हाला एका शनिवारी म्हातारं केलं.

मग कचेरीतून कागद आला. जुन्या लोकांच्या वयाची खातरजमा, शाळेच्या दाखल्यावरून. दाखला निघाला माझ्या नकलेवरून, कारण मूळ रजिस्टर वाचणारे तुम्हीच, आणि स्वतःचाच दाखला स्वतः वाचून देता येत नाही. वयाची अट कधीच ओलांडली असं निघालं. महिन्याभरात तुम्हाला घरी बसवलं.

निरोप समारंभात भाषण कुणी केलं? मी केलं. "नानांना आता हक्काची विश्रांती मिळणार," असं म्हटलं मी. हार घातला. तुम्ही हात जोडून हसत होता. सगळं ठाऊक असून हसत होता. कसं जमलं हो तुम्हाला?

तुम्ही नुसतं बोट दाखवायचं होतं. मूळ रजिस्टर साहेबांपुढं उघडून म्हणायचं, बघा, इथं कोरं आहे, ही तारीख आली कुठून? पण मग ती आली कुठून हे निघालं असतं. त्याच महिन्यात माझा कायम होण्याचा कागद वर गेला होता. तुम्हीच तो पाकिटात घालून चिकटवला होता. आता आठवतं, त्या आठवड्यात तुम्ही मला एकच विचारलं होतं. "पोरी, रिकामा खाना बघवत नाही का गं तुला?" एरवी बाई म्हणणारे तुम्ही, त्या दिवशी पोरी म्हणालात. मी हसून म्हटलं, "नाहीच बघवत. घरी रिकामं भांडं दिसलं तरी मला काहीतरी ओतावंसं वाटतं." तुम्ही मान हलवलीत आणि मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी गंमत वाटली.

घरी बसवल्यावरही तुम्ही दुपारी येत राहिलात, बिनपगारी. शेवटचं रजिस्टर राहिलं होतं. पण मग दांड्या सुरू झाल्या. आज सोनारीला जायचंय, उद्या तामलवाडीला. का विचारलं तर "काम आहे." मला वाटलं, कंटाळलात. शेवटच्या बुधवारी मी चिडून बोलले, "नसेल यायचं तर सरळ सांगा नाना. जा, कुठं हिंडायचं ते हिंडा." तुम्ही छत्री उचललीत, म्हणालात, "एकच गाव राहिलंय बाई. मग येतो रोज." आणि दुसऱ्या दिवशी येडशी.

तुम्हाला बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते आहे. जा, कुठं हिंडायचं ते हिंडा.

तेराव्याला पानं उठल्यावर एक माणूस ओट्यावर उभा होता. खाकी सदरा, पायांत टायरच्या चपला. येडशीच्या रेल्वेत गँगमन, दगडू त्याचं नाव. तुम्हाला बाकावर हलवून बघणारा शेवटी हाच. काकूंच्या पाया पडला आणि म्हणाला, "त्या दिशी म्हातारबाबा आमच्याच क्वार्टरीत बसले व्हते. लई येळ."

मी त्याचा हातच धरला. "कशाला? कशाला आले होते?"

"म्या कवा जन्मलो ते इचारायला," तो म्हणाला. त्यालाही त्याचं नवल वाटत होतं. "म्या तुळजापुरात दोन सालं शिकलो, मामाच्या घरी ऱ्हाऊन. आईला इचारलं त्यांनी, ह्यो कवा झाला? आई म्हनली, आता मला काय ठावं, म्या काय लिव्हून ठिवलंय व्हय? तवा त्यांनी फोडून फोडून इचारलं. ऊन व्हतं का पाऊस? जवारी उभी व्हती का कापलेली? थोरला रांगत व्हता का चालत व्हता? शेवटाला आई म्हनली, गावातली समदी मानसं शिलंगनाला भाईर गेली व्हती, आन घरात म्या एकलीच कळा देत व्हते. तवा बाबांनी कागुद काढला आन लिव्हलं. मला म्हनले, दगडू, तुझा खाना भरला बाबा. च्या घेतला. मोटारीला येळ हाय, फलाटावर सावली हाय तिथं बसतो म्हनले."

काकू आत गेल्या आणि एक कापडात बांधलेलं पुडकं घेऊन आल्या. "हे त्यांच्या खिशातलं. मला वाचता येत नाही गं. तुझंच असेल बघ, तुझ्या नावानं काहीतरी पुटपुटायचे लिहिताना."

पोरांच्या जुन्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजू दोऱ्यानं शिवलेल्या. आणि मराठीत, नाना. तुम्ही, ज्यांची मराठी सही मी कधी पाहिली नाही, तुम्ही मराठीत लिहिलं होतं. पहिलीतल्या पोरासारखं अक्षर, मोठं, ओळ सोडून चढणारं. मला वाचता यावं म्हणून. फक्त रकाने तेवढे उजवीकडून सुरू केले होतेत, ती सवय गेली नव्हती. नंबर, नाव, गाव, खरी जन्मतारीख, आणि सगळ्यात डाव्या टोकाला एक नवा खाना, जो आपल्या रजिस्टरात नव्हता. "कुणी सांगितलं."

एक्केचाळीस ओळी. माझे सगळे एक जून. मी ओट्यावरच खाली बसले.

सोनारीचा मेंढपाळाचा पोर, आईनं सांगितलं, भैरवनाथाच्या जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी, मेंढ्यांच्या वाड्यावर. कुणाचं आत्यानं सांगितलं, कुणाचं गावच्या पुजाऱ्यानं. एकोणतीस जणांच्या तारखा तुम्ही उन्हातान्हात हिंडून आणल्या होत्या. नऊ जणांपुढं "मयत". दोघांपुढं "गाव सोडले". आणि तामलवाडीचा तो, ज्याच्या आईची कणसं आपण खाल्ली, त्याच्यापुढं तुम्ही लिहिलं होतं, "भरतीत नापास, वय नऊ महिन्यांनी जास्त. खरे वय कमी होते." मी त्याच्यावर उपकार केला होता, नाना! त्याला दाखला मिळाला आणि त्याच दाखल्यानं त्याला परत पाठवलं. मला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार, मीच तर तारीख दिली होती.

दगडूची ओळ चाळिसावी. पेन्सिल अजून काळी होती.

एक्केचाळिसावी ओळ, केशव वल्द गोविंद, तुळजापूर. जन्मतारखेच्या खान्यात, खाली. आणि 'कुणी सांगितलं'च्या खान्यात, "सांगणारे कुणी राहिले नाही."

मी रडले नाही. सांगायला लाज वाटते, पण मला रडू आलं नाही. काकू विचारत राहिल्या, काय लिहिलंय गं, आणि मला त्यांना 'ही माझी चूक आहे' एवढे चार शब्द म्हणता येईनात. दगडूनं पाणी दिलं. मग म्हटलं, सगळं म्हटलं. काकूंनी ऐकून घेतलं. बराच वेळ त्या पुडक्याच्या दोऱ्याची गाठ सोडत-बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून घरी बसवल्यावर म्हणायचे, पोरगी हुशार आहे, जरा घाई आहे. मी म्हणायची, कुणाची गोष्ट करताय?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडं गेले. त्यांनी दार लावलं. "बाई, डोकं ठिकाणावर ठेवा. खाली सही कुणाची आहे? नानांची. वाचले, बरोबर. त्यांनी वाचलं, तुम्ही लिहिलं. म्हातारपणी नजर चुकली असं म्हणता येईल. गेलेल्या माणसाला आता कोण काय करणार आहे? तुम्हाला आई आहे."

खरं सांगू? क्षणभर मी त्या वाक्याला टेकले. आई आहेच की मला. आणि तुम्ही तर स्वतः गप राहिला होता माझ्यासाठी, मग तुमची इच्छा तीच नव्हे का? एवढं सगळं डोक्यात येऊन गेलं. मग मला तुमची ती वर चढत जाणारी अक्षरं दिसली आणि माझा आवाज एकदम चढला. म्हटलं, "नानांची नजर चुकली? नानांची? त्यांना जे नव्हतं तेसुद्धा दिसायचं! त्यांच्यावर ढकलायला सांगता, लाज नाही वाटत?" हेडमास्तरांशी असं बोलायचं नसतं. बोलले. बाहेर व्हरांड्यात पोरं चिडीचूप झाली होती.

आज साहेब आले. तरुण आहेत, माणूस वाईट नाही. रजिस्टरांवर शिक्का मारायला बसले तेव्हा मी तुमचं पुडकं त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, यात एक्केचाळीस तारखा मी मनानं लिहिल्यात. वाचणाऱ्याची सही झाल्यावर लिहिल्यात. वाचणाऱ्याचा दोष नाही. साहेबांनी आधी माझ्याकडं, मग हेडमास्तरांकडं बघितलं. "पण मला उर्दू येत नाही," ते म्हणाले. "मूळ काय होतं हे मला कसं कळणार?"

मी मूळ रजिस्टर उघडलं, मागच्या बाजूनं. तुमची पितळी पट्टी ओळीखाली लावली. म्हटलं, "साहेब, उर्दू मलाही येत नाही. पण कोरी जागा तुम्हालाही वाचता येईल."

ते वाकून बघत राहिले. एक ओळ, दुसरी, तिसरी. दहाव्या ओळीनंतर त्यांनी शिक्का बाजूला ठेवला. शेवटी वर लेखी कळवावं लागेल म्हणाले, माझ्यावर काय कारवाई होईल ते त्यांच्या हातात नाही म्हणाले. हुकूम यायचा आहे. येऊ दे. एकोणतीस जणांच्या तारखा तुमच्या पुडक्यावरून लावायच्या, बाकीच्यांपुढं परत रेघ मारायची, असं ठरलं. 'कुणी सांगितलं' हा खाना शेऱ्यात घ्यायला त्यांनी कबूल केलं. दगडूच्या आईचं म्हणणं आता सरकारी रजिस्टरात जाणार आहे, नाना.

एक ओळ त्यांनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. मुद्दाम नव्हे, त्यांचं बोट तिथं पडलं. मी वाचायला लागले. नाव, केशव. ठक. बापाचं नाव, गोविंद. ठक. माझं नख आपोआप टेबलावर आपटत होतं. धंदा, शेती. ठक. गाव, तुळजापूर. ठक. जन्मतारीख. तिथं माझा एक जून होता, टपोरा, सुंदर अक्षरातला. मी लाल शाईनं त्यावर आडवी रेघ मारली, बाजूला माझी सही केली आणि वाचलं, "खाली."

"खाली म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे मालूम नाही," मी म्हटलं. "आणि आता सांगणारं कुणी राहिलं नाही."

मग मात्र मला पुढचा खाना वाचता आला नाही. साहेब थांबले, हेडमास्तर थांबले. तीन वाजून गेले होते, समोरची खुर्ची मी सवयीनं ओढून ठेवलेली होती. ज्यानं मी तुमच्यावर इतकी वर्षं खेकसत आले तो एकच शब्द माझ्या तोंडात आला आणि तिथंच अडकला.

पुढं, नाना. पुढं वाचा ना.